बोट कुठे बांधायची, तिथेच फोटो ठरतो

नॅरोबोटीच्या, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरच्या लांब, अरुंद बोटीच्या, सुट्टीवरून आलेल्या लोकांचे फोटो मी बरेच पाहिले आहेत. बोटीचं लांबलचक छप्पर, त्यावर एक कुंडी, पुढे पाणी, दोन्हीकडे झाडं. पुढच्या फोटोत तेच छप्पर, तीच कुंडी, फक्त झाडं दुसरी. फोटो काढणारा बोट चालवत असतो, म्हणजे सगळ्यात मागे सुकाणूपाशी उभा असतो, आणि तिथून याहून वेगळं काही दिसत नाही.

म्हणून सासू-सासरे जूनमध्ये आमच्याकडे मँचेस्टरला आले आणि इंग्लंडमधून वेल्समध्ये जाणाऱ्या लँगॉलेन कालव्यावर बोट भाड्याने घ्यायचं ठरलं, तेव्हाच मी सांगून टाकलं की मी बोट चालवणार नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे सुट्टीभर मी ड्रायव्हर?" हो, म्हटलं. तो नाराज झाल्याचं दाखवत होता, पण शिकवायला आलेल्या माणसाने टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात दिला तेव्हाचा त्याचा चेहरा मी टिपून ठेवला आहे. टिलर डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं. ही उलटी गंमत अंगवळणी पडेपर्यंत काठावरचं बरंच गवत आम्ही जवळून पाहिलं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालवा म्हटलं की त्यांच्या डोक्यात आधी पाणी किती, उतार किती, गळती किती हे येतं. त्यांच्या गळ्यातही जुना डिजिटल कॅमेरा होता. सासूबाई मात्र फोटो म्हटलं की तोंड फिरवणाऱ्या, आणि लेक बारा वर्षांची, म्हणजे फोन हातात असेल तरच फोटोत रस असलेली.

व्हिटचर्चजवळून निघालो. बोट साठ फुटांची आणि रुंदीला जेमतेम सात फूट, कारण इथली लॉक, म्हणजे बोट वर-खाली न्यायच्या दरवाजे लावलेल्या पाण्याच्या खोल्या, तेवढ्याच रुंद. वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, प्रत्यक्षात त्याहून कमीच. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना तर आणखी हळू, नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणतात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. इंजिन मागच्या बाजूला, डिझेलचं, आणि त्याची थरथर सगळ्या लोखंडी अंगातून जाते. चालत्या बोटीवर तिकाटणं लावण्यात काही अर्थ नाही. बोट थरथरते आणि तिच्यासोबत तिकाटणंही. मी शटर 1/250 सेकंदापेक्षा मंद होऊ दिलं नाही आणि कॅमेरा कठड्यावर न टेकवता हातातच धरला. हातांनी थरथर बरीच शोषली जाते.

बोटीवर कॅमेऱ्यासाठी एकच चांगली जागा आहे, ती म्हणजे अगदी पुढचा खोलगट ओटा. तिथे खाली बसलं की डोळे पाण्यापासून फार वर राहत नाहीत आणि समोरचं पाणी अजून कोणी ढवळलेलं नसतं, लाटा सगळ्या मागे जातात. जुने विटांचे आणि दगडी कमानी पूल या कालव्यावर सारखे येत राहतात, प्रत्येकावर नंबराची पाटी असते. वारा पडलेला असेल तर कमान आणि तिचं प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ होतं. ते बसूनच दिसतं, उभं राहिलं की वर्तुळ चपटं होतं. मी पोलराइझर, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर, नेला होता आणि पहिल्याच पुलाशी काढून बॅगेत टाकला, कारण तो नेमकं प्रतिबिंबच खातो. पुढे लँगॉलेनकडे पाणी नितळ झालं, तिथे मात्र तळाचे दगड दाखवायला तो उपयोगी पडला.

पुलाखालून जाताना उजेडाची पंचाईत होते. आपण झाडांच्या सावलीत, पुलापलीकडे ऊन, आणि कॅमेरा सावलीकडे बघून हिशेब करतो. पलीकडचं सगळं पांढरं फटक होऊन जातं. उपाय सोपा आहे: एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणायचं, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड निम्माच घ्यायचा. फोनवर लेकीला शिकवलं, उजेडावर बोट ठेव आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढ. तिला हे एवढं आवडलं की ती आठवडाभर पुलांचेच फोटो काढत होती, आणि माझ्यापेक्षा दोन-चार तिचे सरस आहेत.

पण पुढे बसून मागच्या नवऱ्याला "थांब" म्हणून उपयोग नसतो. एक तर इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नाही. दुसरं, बोटीखालच्या पंख्याने ढकललेलं पाणी सुकाणूवर आदळतं म्हणून बोट वळते. इंजिन न्यूट्रलला टाकलं की सुकाणू निकामी आणि वारा नेईल तिकडे साठ फूट लोखंड. फोटोसाठी गाडी बाजूला घेतो तशी बोट घेता येत नाही. मग मी उतरायला लागले. कालव्याच्या एका काठाने टोपाथ असतो, पूर्वी घोडे दोरीने बोट ओढत चालायचे ती वाट. पुलाखाली नवरा बोट काठाला लावतो, मी उडी न मारता पाय टाकून उतरते (उडी मारायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं), आणि चालू लागते. आपण जरा भराभर चाललो तर बोटीला सहज मागे टाकतो. पुढच्या पुलावर चढायचं, श्वास घ्यायचा, लेन्स बदलायची, आणि मग वळणावरून आपलीच बोट येताना दिसते. सुकाणूपाशी नवरा, छपरावर कुंडी, पुढे बाबा टोपी सांभाळत. कुंडी आता पहिल्यांदाच शोभून दिसते.

व्हिक्सॉलला कालवा पीटच्या, म्हणजे कुजक्या वनस्पतींच्या मऊ मातीच्या, दलदलीतून सरळ जातो. बाबा इथे बोटीतून उतरून माझ्यासोबत चालले. दलदल दबत राहते म्हणून इथे काठांवर माती घालून ते उंच करत राहण्यासाठी मजुरांची एक कायमची टोळी होती, विसाव्या शतकाच्या साठीपर्यंत. हे वाचल्यावर बाबांनी दोन्ही काठांचे असे फोटो काढले की जणू पंचनामा करायचा आहे. मोकळं आकाश, सरळ पाणी, मध्ये काही नाही. मला तिथे चांगला फोटो मिळाला नाही. बांधून ठेवायला हवी होती ती जागा, आणि आम्ही दुपारी तिथून गेलो.

फोटोचं खरं गणित इथे आहे. जूनमध्ये या भागात सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेदहाच्या आसपास मावळतो. पण दुसऱ्या बोटींजवळ बांधलेलं असताना संध्याकाळी आठनंतर आणि सकाळी आठच्या आधी इंजिन चालवू नये असा इथला शिरस्ता आहे. म्हणजे सोन्यासारखा उजेड असतो तेव्हा बोट उभी असते, आणि बोट चालते तेव्हा डोक्यावर फिकट ऊन. त्यामुळे सकाळचा फोटो आदल्या संध्याकाळी बोट कुठे बांधतो त्यावर ठरतो. काठावर लोखंडी मेखा ठोकून दोरी बांधायची, एवढंच ते काम, पण ते कुठे करायचं यावरून आमच्या घरात रोज वाद. नवऱ्याला पब जवळ हवा, सासूबाईंना आडबाजूला नको, मला सूर्य.

सूर्याची दिशाही आपल्या सवयीने धरून चालत नाही. इतक्या उत्तरेला जूनचा सूर्य पूर्वेला उगवत नाही, ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. सासूबाई म्हणाल्या, "ईशान्य कोपरा मोकळा ठेवायचा म्हणतात तो हाच." मी रोज दुपारी फोनमधलं होकायंत्र उघडून ईशान्य बघायचे, त्या बाजूला झाडं किती आहेत ते बघायचे, आणि मग नवऱ्याला पुढच्या दोन पुलांमधली जागा सांगायचे.

एल्समिअरच्या अलीकडे ब्लेक मिअर नावाचं तळं आहे. कालवा आणि तळं यांच्यामध्ये झाडांची बारीक पट्टी. तिथे आम्ही बांधली. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, म्हणजे पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार, म्हणजे धुकं. हे पाण्यावरचं धुकं ऊन जरा वर आलं की वितळायला लागतं. पाचला उठून मी आणि बाबा टोपाथवर. बाकी बोटींचे पडदे बंद, एका चिमणीतून धूर. मी तिकाटणं लावलं, आता इंजिन बंद होतं ना. झाडांच्या फटीतून तळं, त्यावर धूर की धुकं कळू नये असं काहीतरी, आणि मध्ये बगळा. इथला बगळा राखाडी, उंचापुरा, आणि वागायला विचित्र. बोट जवळ आली की उडतो आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा त्याच काठावर बसतो, पुन्हा बोट आली की पुन्हा उडतो. उडताना पकडायचा असेल तर शटर 1/1000 ठेवून पहिल्या उड्डाणात नुसतं बघायचं, दुसऱ्याला तयार राहायचं. कुठे बसणार हे त्याने एकदा दाखवलेलं असतं. खंड्याचं तसं नाही. निळी रेघ दिसते आणि संपते. माझ्याकडे खंड्याचा एकही फोटो नाही आणि मला वाटतं ज्यांच्याकडे आहे ते एका जागी दिवसभर बसलेले असतात.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. बांधलेल्या बोटींच्या खिडक्यांकडे कॅमेरा धरला नाही. त्या सुंदर असतात, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, पितळ घासूनपुसून लखलखीत. पण कित्येकांचं ते वर्षभराचं घर असतं. विचारलं की बहुतेक हो म्हणतात. एक आजोबा पितळी कडी घासत बसले होते, त्यांनी हो म्हटलं आणि मग आमच्या बोटीची दोरी चुकीच्या गाठीने बांधली आहे हे अर्धा तास समजावलं. त्या अर्ध्या तासात त्यांचे हात, फडकं आणि पितळ यांचे जे फोटो मिळाले ते विचारल्याशिवाय मिळाले नसते.

न्यू मार्टनची दोन लॉक चढून वर गेलो. लॉकमध्ये कॅमेरा कोणाकडे हे आधी ठरवलं. बोट आत असताना जो दरवाज्याशी किंवा टिलरवर आहे, त्याच्या हातात कॅमेरा नको. विंडलास, म्हणजे पाण्याची झडप उघडायची ती वाकडी चावी, एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात हे दृश्य मी इतर बोटींवर पाहिलं आणि मला घाबरायला झालं. येताना लॉक उतरायचं होतं, तेव्हा तर मी कॅमेरा बॅगेत ठेवला: बोटीची मागची बाजू वरच्या दरवाज्याखालच्या उंबऱ्यावर अडकली आणि पाणी खाली गेलं, तर बोट लटकते. चढताना मात्र मला मोकळीक होती. दरवाज्याचा लांब लाकडी दांडा पाठीने ढकलतात. बाबा पाठ लावून बसल्यासारखे रेटत होते, पाय विटांच्या उंचवट्यांवर, चेहऱ्यावर खात्यातल्या जुन्या दिवसांचा आवेश. मी जमिनीलगत बसून रुंद लेन्सने समोरून काढला. दांड्याचं पांढरं टोक पुढे मोठं, बाबा मागे लहान. त्यांना तो आवडला नाही. "मी दिसतोय कुठे?" म्हणाले.

पुढे चर्कचा जलसेतू, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा पूल, 1801 चा, 21 मीटर उंच. खाली केरिओग नदी, अलीकडे इंग्लंड आणि पलीकडे वेल्स. त्याच्या अगदी शेजारून रेल्वेचा पूल जातो, तो नंतरचा आणि आणखी उंच. बोटीत बसून वर पाहिलं तर आपल्यापेक्षा वरून रेल्वे जाते. वेळापत्रक फोनवर बघून थोडं थांबलं तर दोन्ही एका चौकटीत येतात. जलसेतू संपल्यावर लगेच चर्कचा बोगदा, 420 मीटरचा, एका वेळी एकाच बोटीपुरता. आतमध्ये कोणी नाही ना हे आधी वाकून बघायचं. बोगद्यात जाताना केबिनमधले सगळे दिवे लावून ठेवतात, सुकाणूवाल्याला भिंत दिसावी म्हणून, आणि त्या खिडक्यांचे पिवळे चौकोन ओल्या विटांवरून सरकत जातात. अंधारासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून आयएसओ 3200, कोपर मांडीवर टेकवलेलं. बोट इतकी हळू जाते की 1/60 वरही विटा बऱ्यापैकी स्पष्ट येतात. शेवटच्या शंभर मीटरांत बाहेरच्या हिरव्यावर एक्स्पोजर बांधून पुढे बसलेल्या लेकीची नुसती काळी आकृती काढली. त्याच बोगद्यात सासूबाईंनी पूर्ण वेळ रामरक्षा म्हटली. तिचं काही छायाचित्र नाही.

सासूबाईंचा फोटो मला वेगळ्याच ठिकाणी मिळाला. नॅरोबोटीत बाजूला एक छोटं दार असतं, वाऱ्याउजेडासाठी उघडता येतं. स्वयंपाकाच्या ओट्याशी ते उघडं ठेवून त्या कोथिंबीर निवडत होत्या. बाकी केबिन अंधारी, उजेड फक्त त्या दारातून, आणि पाण्यावरून उसळलेलं ऊन छतावर हलतंय. मी काही बोलले नाही, आतून दोन पावलं मागे सरकून काढला. घरात आता तोच फोटो भिंतीवर आहे.

आणि मग पॉन्टकसल्टी. त्यासाठीच हा कालवा निवडला होता. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांनी बांधलेला, 1805 मध्ये खुला झालेला, डी नदीवरून 38 मीटर उंचावरून जाणारा 307 मीटर लांबीचा जलसेतू. 2009 पासून जागतिक वारसा. दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची नांद, तीत पाणी, पाण्यात बोट. बोटीतून जाताना एका बाजूला टोपाथ आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नांदेची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, आणि त्यापलीकडे एकदम खाली नदी. बोटीतून काढलेले इथले फोटो छाती धडधडवतात खरे, पण त्यात जलसेतू दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरच असतो.

टोपाथ पूर्वेच्या बाजूला आहे. पश्चिमेकडून पाहिलं तर कठडा आडवा येत नाही आणि बोट लोखंडाच्या काठावरून जवळजवळ पूर्ण दिसते. संध्याकाळचं ऊनही त्याच बाजूने. आणि नदीवरचा जुना दगडी पूलही जलसेतूच्या वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला. हे सगळं नकाशावर आधी पाहून मी जलसेतूच्या अलीकडे फ्रॉनकसल्टीला बोट बांधायला लावली, लांब लेन्स घेतली आणि बाबांना घेऊन रस्त्याने खाली पुलावर गेले. सातच्या सुमारास नवऱ्याला फोन केला, "सोड." तो म्हणाला, समोरून एक बोट येतेय, तिला येऊ दे. नांदेत एका वेळी एकच बोट मावते. ती आली, गेली. मग आमची निघाली. नांद अरुंद, पाण्याला बाजूने सरकायला जागा कमी, त्यामुळे बोट आणखीच मंद. आम्हाला वेळच वेळ मिळाला. उंच खांबांवर उन्हाचा पिवळा पट्टा, त्याच्यावर काळी रेघ, आणि रेघेवरून सरकणारी आमची निळी बोट, तिच्यात कडेला न बघता समोर ताठ बघणाऱ्या सासूबाई. लेक हात हलवत होती. मी आडवे, उभे, रुंद, जवळचे सगळे काढले. चांगला निघाला तो ज्यात बोट अगदी छोटी आहे आणि नदीही आहे.

बाबांनी कॅमेरा काढलाच नाही. ते खांब मोजत होते. "चुन्यात बांधलेत," एवढं म्हणाले. "आणि सांधे अजून गळत नाहीत."

जलसेतूपलीकडे ट्रेव्हरला डावीकडे वळून लँगॉलेनपर्यंतचा शेवटचा टप्पा अरुंद आहे, काही ठिकाणी समोरासमोर दोन बोटी जाऊच शकत नाहीत. कोणीतरी पुढे चालत जाऊन रस्ता मोकळा आहे का ते पाहावं लागतं. ते काम मी आनंदाने घेतलं. फोटोग्राफरसाठी याहून चांगली नेमणूक नाही.

लँगॉलेनच्या पुढे इंजिनाच्या बोटींना जाता येत नाही, चालत हॉर्सशू फॉल्सला जायचं. टेलफर्डने 1808 मध्ये डी नदीत घातलेला अर्धवर्तुळाकार बंधारा, जिथून या कालव्यात पाणी येतं. मी इथे पक्क्या जमिनीवर तिकाटणं लावून गडद फिल्टर चढवला आणि पाव सेकंदाच्या शटरने पाण्याची चादर काढली. त्याहून जास्त वेळ दिला की पाणी दुधासारखं होतं, मला ते खोटं वाटतं. बाबांना धबधब्यात रस नव्हता. पाणी मोजतात ते छोटं घर त्यांनी शोधलं आणि त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले. मग कालव्यात येणाऱ्या दिवसाला 1 कोटी 20 लाख गॅलन पाण्याचं क्युसेकमध्ये रूपांतर करत पाण्याकाठच्या बाकावर बसले.

ते सगळे फोटो त्यांनी त्याच रात्री निवृत्त अभियंत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, खाली लिहिलं: विसर्ग अंदाजे 22 क्युसेक. जलसेतूवरच्या बोटीचा माझा फोटोही टाकला होता, त्यावर कोणी काही बोललं नाही. पाणी मोजायच्या घरावर मात्र लगेच उत्तर आलं: "एवढंच? आमची वितरिका (कालव्याचा छोटा फाटा) याहून जास्त वाहायची."